मदत हवी: प्राणिसंग्रहालयातल्या कळपाचा, ९.१४.१ चा हिशोब जुळत नाही, पाच नर गायब

जुळे_सोलापूर
दोन दिवस डोकं लावालोय, जुळेना. ३१ मार्चच्या तक्त्यात ९.१४.१ आहे, म्हणजे एकूण २४, त्यात नर ९. त्यानंतर ३ पिल्लं झाली, म्हणजे आता २७ पाहिजेत. परवा मोजले तर २५ भरले. नर ४, मादी १८, पिल्लं ३. बाकीचे पाच नर कुठं गेले? मोठा नर तर जूनपासून दिसलाच नाही. दुसरीकडं पाठवले असतील तर ते कुठं कळतं? मी या कळपाची वंशावळ तयार करालोय आणि अर्धी वंशावळ त्या मोठ्या नरावर उभी आहे. रविवारी परत जायचंय, त्याच्या आत सांगा.

सात_रस्ता
कोणता प्राणी? कोणतं प्राणिसंग्रहालय? तक्ता तिथल्या फलकावरचा की केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या वार्षिक यादीतला? यातलं काहीच लिहिलं नाही ओ तुम्ही.

होटगी_रोड
रविवारी जाऊ नका, गर्दीत काही दिसत नाही. आणि बुधवारी तर मुळीच नको, कात्रज आणि राणीबाग दोन्ही बुधवारी बंद असतात. पुण्याला जायचं तर सकाळची हुतात्मा पकडा. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार सगळे प्राणी सावलीत पडून असतात, ती वेळ टाळा.

जुळे_सोलापूर
गाडी कुणी विचारली नाही दादा. काळवीट आहेत. प्राणिसंग्रहालय राज्यातलंच आहे, नाव इथं नको, तिथल्या माणसांना उगाच त्रास. तक्ता वार्षिक यादीतला आहे.

बाळे_वेस
काळवीट बघायला प्राणिसंग्रहालयात कशाला जायचं? नान्नज आहे की आपलं. १९७९ पासूनचं अभयारण्य, गवताळ माळ, सकाळी सूर्य वर यायच्या आत गेलात तर कळपच्या कळप दिसतात. लांडगाही दिसतो नशिबात असला तर. तिथं नराची हद्द कशी असते, शेणाचे ढीग एकाच जागी कसे घालतो, बाकीच्या नरांना कसा हाकलतो, हे खरं बघायला मिळतं.

सात_रस्ता
नान्नज चांगलंच आहे, पण यांना बंदिस्त कळपातल्या एकेका जनावराची वंशावळ करायची आहे. माळावर एकच जनावर वर्षभर ओळखून ठेवणं आणि २४ जनावरांच्या कुंपणात ओळखणं, ही दोन वेगळी कामं.
जुळे सोलापूर, एकच सांगा: नर कोणता आणि मादी कोणती, हे तुम्ही कशावरून ठरवता?

जुळे_सोलापूर
काळा तो नर, तपकिरी ती मादी. त्यात काय?

विडी_घरकुल
तुमचे पाच नर इथंच हरवलेत.

जन्मल्यापासून पहिली काही वर्षं नर मादीसारखाच तपकिरी असतो. रंग हळूहळू गडद होतो आणि पूर्ण काळा-पांढरा नर साधारण तीन वर्षांनंतरचा. शिवाय तो रंगही कायमचा नसतो. केस गळून नवे आले की पुष्कळ ठिकाणी नर फिका दिसतो, तोंड आणि पाय तेवढे गडद राहतात, आणि माजाचा हंगाम जवळ आला की पुन्हा काळा होतो. कळपातली सत्ता गेलेला नरही फिका पडतो. म्हणून रंगावर मोजलं की नर कमी आणि माद्या जास्त भरतात. तुमच्याकडं नेमकं तेच झालंय: माद्या १४ च्या १८ झाल्या आणि नर ९ चे ४.

शिंगं बघा. नराला साधारण सहा-सात महिन्यांनी शिंगं वर दिसायला लागतात. पहिल्या वर्षी सरळ सुया असतात, पीळ दुसऱ्या वर्षापासून पडायला लागतो. लांबून, गवतात मान खाली घातलेली असताना ती सुई कानामागं लपते. जनावर मान वर करून समोर बघेपर्यंत थांबायचं, मगच नोंद करायची. पिळांची संख्या मोजून वय काढायच्या नादी लागू नका, तरण्या नरानंतर तो हिशोब फसतो.

आता आकडा वाचायची गोष्ट. ९.१४.१ म्हणजे ९ नर, १४ माद्या आणि १ लिंग न कळलेलं. मार्चमधलं ते शेवटचं १ पाडस असणार. आता ते पाच-सहा महिन्यांनी मोठं झालंय. तुम्ही त्याला कुठं धरलंत?

जुळे_सोलापूर
मादीत. तपकिरी होतं म्हणून. फोटो परत बघतो.

कुमठा_नाका
सगळ्यात सोपा मार्ग सांगतो. माहितीचा अधिकार. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, हे लक्षात ठेवा, नाहीतर परत येतो. झेरॉक्सचे पानाला दोन रुपये. फोटोबिटो बघत बसायची गरज नाही.

सात_रस्ता
गरज आहे अण्णा. अर्जाला उत्तर येईल ते आकड्यांचं. कोणता नर कोणता, हे कागद सांगत नाही. कळपातल्या काळविटांना बऱ्याच ठिकाणी बिल्ला नसतो, चिप असली तरी बाहेरून दिसत नाही.

कुमठा_नाका
मग किपरला विचारा. रोज चारा टाकणारा माणूस एकेक जनावर ओळखतो.

विडी_घरकुल
विचारा, पण त्याचं नाव घालून काही लिहू नका आणि "नर कुठं पाठवला" असा सरळ प्रश्न टाकू नका. अदलाबदलीची माहिती द्यायचा अधिकार त्याला नसतो. "तो शिंगाचं टोक तुटलेला कुठं असतो हल्ली?" असं विचारलं तर तो मोकळेपणानं सांगेल.

पट्टेरी
काळविटांची वंशावळ करून काय मिळणार? पांढऱ्या वाघाची करा. प्रत्येकाचं नाव ठरलेलं, आईबाप माहीत, बातम्या येतात. सोपं काम आहे.

विडी_घरकुल
सोपं आहे कारण वंश एकाच ठिकाणाहून सुरू होतो. १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात पकडलेला मोहन, त्याचा संबंध त्याच्याच मुलीशी, राधेशी, लावला आणि १९५८ मध्ये पांढरे बछडे झाले. पुढं तेच रक्त पुन्हा पुन्हा. अधू बछडे हा त्याचाच परिणाम. पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हे, त्याच्या जपणुकीनं जंगलातल्या वाघाचं काही वाढत नाही. कुटुंब बघायचं असेल तर राणीबागेतल्या शक्ती आणि करिश्माची नोंद बघा (शक्ती २०२५ मध्ये गेला). छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून २०२० मध्ये आलेली जोडी, नोव्हेंबर २०२१ मध्ये वीरा झाली. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून डावी-उजवी दोन्ही बाजूंचे फोटो ठेवायचे.

पट्टेरी
पांढऱ्या वाघामुळं लोक तिकीट काढून येतात, त्या पैशावर बाकीचे प्राणी जगतात, हेही खरं आहे ताई.

सात_रस्ता
या धाग्यावर काळवीट. वाघांचा वेगळा धागा काढा.

जुळे_सोलापूर
फोटो परत बघितले. १८ मधल्या पाच जणांना शिंगं आहेत! चौघांना पीळ स्पष्ट दिसतो. पाचव्याला बोटाएवढी सरळ सुई आहे, ती मी कानाची कड समजलो होतो. उरल्या १३. म्हणजे आता ९.१३ आणि ३ पाडसं, एकूण २५ च. तरी दोन कमीच आहेत. आणि मोठा नर त्यात नाही, त्याच्या डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं आहे, तसा एकही नाही.

सात_रस्ता
थांबा, नऊ जुळले म्हणून खूश होऊ नका. तो सरळ सुईवाला म्हणजे बहुतेक मार्चमधलं लिंग न कळलेलं पाडस. ते आता नरात आलं. मग मार्चचे ९ नर अधिक हा १, असे १० पाहिजेत. दिसतात ९. कमी आहे तो १ नर, तोच तुमचा मोठा. आणि माद्या १४ च्या १३. म्हणजे एक नर, एक मादी. पाच नर कुठंच गेले नाहीत.

जुळे_सोलापूर
हे बरोबर वाटालंय. पण मोठा नर कुठाय? मेला असेल का?

विडी_घरकुल
तसं धरून चालू नका. आधी दुसरी शक्यता बघा. तो नर कळपात किती वर्षं होता? त्याच्या मुली वयात आल्या असतील तर त्याला काढणं हेच नियोजन असतं. बाप आणि मुलीच्या पाडसात अंतःप्रजननाचा गुणांक (आईबाप किती जवळच्या रक्ताचे, त्याचं माप) ०.२५ येतो, सख्ख्या भावंडांइतकाच. सावत्र भावंडांचा ०.१२५. छोट्या बंद कळपात एकच नर तीन-चार वर्षं राहिला की पुढची सगळी पिढी त्याचीच होते. म्हणून एक तर नर बदलतात, नाहीतर नर-माद्या वेगळ्या ठेवतात. काळवीट आणि चितळ बंदिस्तात फार वाढतात, त्यामुळं "यंदा पिल्लं नाहीत" हेसुद्धा पुष्कळदा ठरवून केलेलं असतं. प्रजनन योजना म्हणजे नेहमी वाढवण्याचीच योजना नव्हे.

कुंपणाच्या मागं, लोकांना दिसत नाही अशा बाजूला छोटा कराल, म्हणजे जनावर वेगळं ठेवायचं कुंपण, आहे का? तिथं हिरवी जाळी किंवा किंतान लावलेलं आहे का?

जुळे_सोलापूर
हिरवी जाळी जुलैत लागली आहे. उजव्या कोपऱ्याला, साधारण डोक्याएवढी उंच. मला वाटलं रंगकाम.

विडी_घरकुल
हेच आधी लिहायला पाहिजे होतं तुम्ही. काळवीट आरपार दिसणाऱ्या कुंपणावर धडकतो, पण घट्ट झाकलेली भिंत दिसली की थांबतो. म्हणून वेगळं करताना किंवा हलवण्याआधी जाळी-किंतान लावून निमुळती वाट करतात, चारा-पाणी आत ठेवतात आणि जनावर आपण होऊन आत जाईपर्यंत आठवडे वाट बघतात. पाठलाग करून धरलं तर स्नायू आतून झिजतात, त्याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. जनावर त्या दिवशी उभं दिसतं आणि चार-आठ दिवसांनी मरतं. म्हणून हे काम थंड वेळेत, अंधाऱ्या खोक्यात, आवाज न करता.

आणि दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात द्यायचा असेल तर काळवीट वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधला, प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. जाळी लागली म्हणजे लगेच गेला, असं नाही.

बाळे_वेस
परवानग्यांवरून आठवलं, माळढोकासाठी प्रजनन केंद्र सोलापुरात का नाही? राजस्थानात सम आणि रामदेवऱ्याला अंडी उबवून पिल्लं वाढवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लू झालं. नान्नजचं अभयारण्य माळढोकाच्या नावानं आहे.

सात_रस्ता
कळकळ पटते. पण माळढोक एका वेळी बहुतेक एकच अंडं घालतो, आणि अंडी गोळा करायला रानात पुरेसे पक्षी लागतात. ते राजस्थानात होते म्हणून केंद्र तिथं. आपल्याकडं आधी माळ राखायचा, पक्षी आणायची वेळ नंतर. पण इथं काळवीट.

जुळे_सोलापूर
मग ही तीन पाडसं कुणाची लिहू? बाप म्हणून मोठा नर लिहिला होता.

विडी_घरकुल
पुसा. पाडस पहिल्यांदा कधी दिसलं?

जुळे_सोलापूर
पहिलं १२ जुलैला. जन्मतारीख तीच लिहिली आहे.

विडी_घरकुल
ती जन्मतारीख नाही. काळविटाचं पाडस पहिले साधारण दोन आठवडे गवतात दडून असतं, आई फक्त पाजायला जाते. म्हणून "पहिल्यांदा दिसलं १२ जुलै, जन्म जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला" असं लिहा. तिथून सहा महिने मागं गेलं की गर्भधारणा डिसेंबरअखेर-जानेवारीत. त्या वेळी कुंपणात जेवढे वयात आलेले नर होते, ते सगळे संभाव्य बाप. मोठा नर हद्द राखत असेल तर शक्यता त्याची जास्त, पण वंशावळीत ते पक्कं म्हणून जात नाही. स्टडबुकात (बंदिस्त जनावरांच्या वंशाच्या नोंदवहीत) अशा वेळी बापाच्या जागी "अनेक" अशी खूण करतात आणि संभाव्य नर बाजूला लिहितात. आई मात्र पक्की करता येते: पाडस कुणाला पितं ते दोन वेगवेगळ्या दिवशी बघा. एकदा बघून नको, दुसऱ्या मादीकडं तोंड घालणारी पाडसं असतात, ती हाकलली जातात.

कुमठा_नाका
एक्सेल कशी केली आहे?

जुळे_सोलापूर
रंग, नाव, आई, बाप.

कुमठा_नाका
रंगाचा रकाना काढा. त्याजागी डावा कान, उजवा कान, शिंगाची खूण, डोळ्याभोवतीच्या पांढऱ्या कड्याचा आकार. आणि प्रत्येक फेरीला वेगळी ओळ, जुन्या ओळीवर लिहू नका. माझं चुकलं, फोटो लागतातच.

सात_रस्ता
त्यात "कुठून बघितलं" हेही घाला. उजव्या कोपऱ्यातून जाळीमुळं जे दिसत नाही ते "नाही" म्हणून नोंदवू नका, "दिसलं नाही" म्हणून नोंदवा. तुमचा सगळा गोंधळ या दोन शब्दांतला आहे.

जुळे_सोलापूर
रविवारी जाऊन आलो. सकाळी साडेनऊला पोचलो. जाळी आणि खांबामध्ये वीतभर फट आहे, तिथून बघितलं. मोठा नर आत आहे. डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं, कानाची खालची कड फाटलेली, तोच. रंग पार फिका पडलाय, तोंड तेवढं काळं. उगाच महिनाभर मेला समजून बसलो होतो. त्याच्या जवळ आणखी एक जनावर बसलेलं होतं, पाठ माझ्याकडं, मान वर केलीच नाही. मादी लिहू का?

विडी_घरकुल
नका लिहू. "१, लिंग दिसलं नाही, कराल, उजवा कोपरा." पुढच्या फेरीला मान वर करेपर्यंत थांबा.

कुमठा_नाका
आणि अर्ज टाकायचाच असेल तर एकच ओळ: "१ एप्रिलपासून आजपर्यंत काळवीट या प्रजातीचे आरंभीची संख्या, जन्म, आवक, जावक, मृत्यू, अखेरची संख्या, नर-मादी-अज्ञात अशी विभागून." कारणं विचारू नका, नुसते आकडे मागा.

जुळे_सोलापूर
टाकतो. बापाचा रकाना पुसला. २७ लिहिले, त्यातल्या एकाचं लिंग अजून बघायचंय.