मदत हवी आहे: १९९० च्या युनोस रोडस्टरला कोणतं कूलंट घालावं?

रेडिंगकर
मंडळी, मुक्काम रेडिंग, इंग्लंड. गाडी १९९० ची युनोस रोडस्टर, म्हणजे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, जपानहून आयात केलेली. इंजिन १.६. कूलंट शेवटचं कधी बदललं याची कागदपत्रांत नोंद नाही. टाकीत हिरवट-तपकिरी पाणी दिसतंय, तेलाचा तवंग नाही, तापमानाचा काटा मध्यावर असतो. दुकानात निळं, लाल, गुलाबी आणि 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेलं पिवळं मिळतं. जुन्या ब्रिटिश गाड्या सांभाळणारे म्हणतात निळंच घाला, लाल घातलंत तर गळती लागेल. कोणतं घ्यावं, किती लागेल, आणि आहे त्यातच वरून भर घातली तर चालेल का?

पाना_बारा
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. वरून भर घालू नका. आत काय आहे ते माहीत नाही, आणि सिलिकेटवालं जुनं कूलंट नव्या सेंद्रिय आम्लवाल्या कूलंटमध्ये मिसळलं की दोन्हींचं गंजरोधक काम बिघडतं. वाईट मिश्रणात सिलिकेट बाहेर पडून जेलीसारखा गाळ धरतो आणि तो हीटरच्या बारीक नळ्यांत आधी अडकतो.

रंगावरून काही ठरवू नका. रंग कंपनी आपल्या मनाने घालते, त्याला कोणतंही मानक नाही. डब्याच्या मागचं बारीक अक्षर वाचा. ढोबळमानाने तीन घराणी आहेत. पहिलं जुनं, सिलिकेट किंवा फॉस्फेट क्षारांचं: लगेच संरक्षण देतं, पण दोन वर्षांत संपतं. दुसरं निव्वळ सेंद्रिय आम्लांचं: साधारण पाच वर्षं टिकतं. तिसरं या दोन्हींचा संकर. त्यातही युरोपीय कंपन्या सिलिकेट घालतात, तर जपानी कंपन्या फॉस्फेट घालून सिलिकेट टाळतात.

जुनं_लोखंड
ब्रिटिश गाड्यांचा सल्ला त्या गाड्यांपुरता अगदी बरोबर आहे, म्हणून तो झटकून टाकू नका. त्यांचे रेडिएटर तांबं-पितळेचे आणि जोड शिशाच्या डाखाचे. सेंद्रिय आम्लांचं कूलंट त्या डाखाला पुरेसं संरक्षण देत नाही, आणि जुन्या पद्धतीचे गॅस्केट-सील त्यात टिकत नाहीत. म्हणून तिथे निळं, सिलिकेटवालं, बीएस ६५८० (ब्रिटिश मानक) लिहिलेलं घालायचं आणि दर दोन वर्षांनी न चुकता बदलायचं.

तुमच्या गाडीत मात्र इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, आणि मूळ रेडिएटर ॲल्युमिनियमचा, त्याला वर-खाली प्लॅस्टिकच्या टाक्या. रेडिएटरला डाख नाही. कुणी नंतर पितळी रेडिएटर बसवला नाही ना, एवढं आधी बघून घ्या.

पाना_बारा
म्हणून माझं मत: जपानी गाड्यांसाठीचं, फॉस्फेट असलेलं, सिलिकेट आणि बोरेट नसलेलं कूलंट. डब्यावर जेआयएस के २२३४ (जपानी मानक) लिहिलेलं शोधा. बोरेट तापलेल्या ॲल्युमिनियम हेडला मानवत नाही, आणि सिलिकेटचे कण वॉटर पंपाच्या सीलचं तोंड झिजवतात, ही जपानी कंपन्यांची जुनी भूमिका आहे. माझदाचं एफएल२२ याच घराण्यातलं. ते चालेल, पण ते पाणी मिसळूनच येतं, आणि तुमच्या कामाला ती अडचण आहे. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट घ्या. का ते खाली सांगतो.

पाण्याबद्दल आग्रहाने सांगावंसं वाटतं. रेडिंगच्या नळाला चुनखडीचं जड पाणी येतं. फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले की क्षाराचा थर बसतो. युरोपीय कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं ते याच कारणाने. त्यामुळे शेवटची धुलाई आणि मिश्रण दोन्ही डिस्टिल्ड पाण्यानेच करा.

आता कृती. यंत्रणेत एकूण ६ लिटर मावतं, म्हणजे ३ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि ३ लिटर पाणी. इंजिन पूर्ण गार असताना हीटर 'गरम'वर ठेवा, रेडिएटरचं झाकण काढा आणि खालचा प्लॅस्टिकचा बूच हळूच सोडा. तो ठिसूळ झालेला असतो, नवा आणि त्याचं वॉशर हाताशी असू द्या. पाण्याने भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा (वरचा होज एकदम गरम होतो), गार होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच.

लोक चुकतात ते इथे. बूच सोडल्यावर ब्लॉक आणि हीटरमधलं पाणी आतच राहतं. त्यावर तयार ५०-५० मिश्रण ओतलं की आत ते ३०-३५ टक्क्यांवर येतं. म्हणून आधी ३ लिटर निव्वळ कॉन्सन्ट्रेट ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. शेवटच्या वेळी बाहेर आलेलं पाणी मोजा. ३ लिटरपेक्षा कमी निघालं तर रेडिएटरचा खालचा होजही काढा.

गॅस्केटवाली
हवा काढण्याचं राहिलं. गाडीचं तोंड उंचावर घ्या, म्हणजे झाकण सगळ्यात वर येईल. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, होज दाबत राहा, पातळी उतरेल तशी भर घाला. हीटरमधून गार हवा येत असेल तर आत बुडबुडा अडकलाय असं समजा. अशा वेळी गाडी जोरात पळवायची नाही.

खर्च करायचाच असेल तर झाकण, थर्मोस्टॅट आणि होज याच वेळी बदला. इंजिनामागचे हीटरचे होज आणि थ्रॉटलखालच्या आयडल व्हॉल्व्हचे छोटे होज विसरले जातात. रेडिएटरची वरची टाकी मूळची काळी असते. ती तपकिरी झाली असेल तर प्लॅस्टिक पिकलंय, शिवणीवर तडकणार. अशा रेडिएटरमध्ये नवं कूलंट घालू नका, आधी रेडिएटर बदला.

झाकणालाही कमी लेखू नका. ५० टक्के मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. १ बार दाबाने त्यात वीसेक अंशांची भर पडते. स्प्रिंग मेलेलं झाकण ही भर काढून घेतं.

रेडिंगकर
टाकी तपकिरीच आहे, रेडिएटर नवा मागवतो. एक शंका: थंडीसाठी ६० टक्के ठेवू का?

पाना_बारा
नको. ५० टक्क्यांना उणे ३७ अंशांपर्यंत संरक्षण मिळतं, इंग्लंडला ते भरपूर झालं. ग्लायकॉल (कूलंटमधला गोठू न देणारा मुख्य घटक) वाढलं की उष्णता वाहून नेण्याची ताकद कमी होते. रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबभर कूलंट ठेवून बघायचं छोटं उपकरण) टक्केवारी तपासा, पण तो फक्त गोठणबिंदू सांगतो. गंजरोधक संपलंय का ते त्यात कळत नाही. त्यासाठी डब्यावरची मुदत पाळा.

पुणेरी_गिअर
याच धाग्यात विचारतो: पुण्यात जुन्या फियाटला, पितळी रेडिएटर असेल तर?

जुनं_लोखंड
सिलिकेटवालं, आयएस ५७५९ (भारतीय मानक) लिहिलेलं. पुण्यात गोठायची भीती नाही म्हणून ३३ टक्के पुरे, पण त्याखाली जाऊ नका. गंजरोधकही तेवढंच पातळ होतं. नुसतं बोअरिंगचं पाणी तर नकोच.

गॅस्केटवाली
रेडिंगकर, काढलेलं कूलंट गटारात सोडू नका, कौन्सिलच्या रीसायकलिंग केंद्रावर द्या. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात. बादलीवर झाकण ठेवा आणि सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने पुसून घ्या.