समया-निरांजनं साफ करायला मशीन कुठलं?

खांडेपारकाठ: "चतुर्थी आली, सरळ अल्ट्रासॉनिक घ्या, सोलं-चिंच घासायचे दिवस गेले" असं कुणीतरी परवा लिहिलंय, ते वाचून राहवत नाही म्हणून लिहितोय. अल्ट्रासॉनिकने पाण्यातले बारीक बुडबुडे फुटून खाचेतली काजळी, जळकं तेल सुटतं, मान्य, पण नुसत्या साबणाच्या पाण्यात पितळेचा काळेपणा जात नाही आणि चमक तर नाहीच येत. चमक हवी तर व्हायब्रेटरी टंबलर, म्हणजे थरथरणारा डबा, आत मक्याच्या कणसाचा नाहीतर अक्रोडाच्या कवचाचा भरडा. परदेशात नेमबाज उडवलेली पितळी काडतुसं परत भरण्याआधी त्यातच फिरवतात.

डिचोलीची सून: काडतूस बोटाएवढं, आमची समई कमरेएवढी, ती कुठल्या डब्यात घालू? आणि दरवर्षी घासायला बसतात बायका, मशीनवर बोलायला येतात पुरुष.

खांडेपारकाठ: समई खोलता येते हो, भाग सुटे होतात. तुम्ही सोलं चोळून रात्रभर ठेवता त्याचं काय? आंबटाने पितळेतलं जस्त आधी जातं, तांबं वर राहतं, मग गुलाबी डाग.

डिचोलीची सून: रात्रभर कोण ठेवतं? चोळायचं, लगेच धुवायचं, कोरडं करायचं. माझी सासू आयुष्यभर हेच करत आली, एक डाग दाखवा.

काणकोणचा: मशीन राहू दे, ते बाटलीतलं पॉलिश आधी बंद करा. अमोनिया असतो त्यात. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की तडकायची, घोड्यांच्या मुतातला अमोनिया, 1921 मध्ये त्याचं कारण छापून आलं. आमच्या घरचा तांब्या गळ्याशी असाच चिरला.

खांडेपारकाठ: घाबरवू नका लोकांना! काडतूस पत्रा ओढून करतात, धातूत ताण राहतो, म्हणून तडकतं. समई ओतीव, तिला काय होतंय?

काणकोणचा: आणि तांब्या, घागर, घंगाळ? ती पत्र्याचीच ना, ठोकून केलेली? घरात एकट्या समयाच असतात का? अर्धंच सांगता आणि वर आवाज चढवता.

खांडेपारकाठ: बरं, पत्र्याच्या भांड्यांना पॉलिश नको, घ्या. सगळ्या प्रकारच्या पॉलिशमध्ये अमोनिया नसतो हेही लिहा मग.

मयेंचो: आमच्याकडे समईला क्लिअर लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, मारून घेतलं. वातीजवळ करपून पापुद्रे सुटले, आता काढता काढता जीव जातोय. तो सल्ला कुणी देऊ नये.

डिचोलीची सून: निरांजनं, पंचारती, घुंगरं असली बारीक भांडी असतील तर तुमचा टंबलर ठीक, तेल आधी धुवून मग. तेवढंच. समईवर नक्षी आहे, भरडा खाचेत अडकला तर टूथपिक घेऊन परत आम्हीच बसणार. यंदा घरातल्या पुरुषांनी एक समई स्वतः खोलून घासावी, मग मशीनचं बघू.