‘वर्षाचं एकदम भरा’ म्हणणाऱ्यांनी आधी ओल बघावी

शाळूची भाकरी
काल इथं कुणीतरी लिहिलंय : ‘सुगीत वर्षाचं धान्य शेतकऱ्याकडनं पायलीच्या मापानं भरा, सगळं बिनपॉलिशचं घ्या, किराणा निम्म्यावर येतोय. पाकीट घेणारे आळशी.’ आळशी वाचलं आणि राहवलं नाही.

सुगीतला जोंधळा ओला असतोय. १६ टक्के ओल असलेला १०० किलो जोंधळा १२ टक्क्यांपर्यंत वाळवला की साडेपंचाण्णव किलो उरतो. माती, खडा, कोंडा चाळून आणखी किलो-दीड किलो जातो. ४० रुपयांनी घेतलेला खरा साडेबेचाळीसला पडला. निम्मं कुठं झालं ओ?

वाळवताना दाणा दाताखाली धरायचा. कट्ट फुटला तर झाला, चेपला तर अजून दोन उन्हं. आणि उन्हातनं उचलून तसाच गरम डब्यात ओतू नका. झाकणाला आतनं घाम सुटतो, वरचा थर बुरसतो आणि लोक म्हणतात शेतकऱ्यानं फसवलं. रात्रभर चादरीवर पसरून गार करा, मग भरा.

बिनपॉलिशचा तांदूळ वर्षाचा भरणं तर शुद्ध वेडेपणा. कोंड्यात तेल असतं, ते काही महिन्यांत खवटतं. गावाकडं वर्षाचं भात, म्हणजे टरफलासकट साळ, भरतात, तांदूळ नव्हे.

खानापूरवाला
भाताचं बोललात ते बरोबर, पण अर्धंच. १०० किलो भातातनं पॉलिशचा ६५ किलोच्या आसपास तांदूळ निघतो, कणी धरून. भात क्विंटलला ३,००० धरलं तर तांदूळ ४६ ला पडला, गिरण आणि टेम्पो वेगळा. वाण इंटाण असो की इंद्रायणी, महिन्याला लागेल तेवढंच काढून आणायचं. गिरणीत शिरतानाच सांगायचं, ‘नुसतं सोला, पॉलिशला सोडू नका.’ नाहीतर हाताच्या सवयीनं सोडतातच. कोंडा कुणाचा तेही आधी ठरवा, नंतर भांडण होतंय.

बाकी पायलीला नाक मुरडू नका. शेतकरी शीग लावून, म्हणजे मापावर ढीग करून देतो. तुमच्या पेठेत काट्यावर एक दाणा जास्त पडला तर परत पोत्यात टाकतात.

काटा बरा
शीग! दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिरींची पायली, इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण ती पायली किती किलोची, ते सांगा की! गाव बदललं की पायली बदलती. एकाच गावात एकाच पायलीत जोंधळा वेगळा भरतो, तूरडाळ वेगळी, आणि पोहे घेतले तर नुसती हवा.

भरायची कलाही बघा. हळूच ओतलं तर दाणा मोकळा बसतो, माप ठोकलं की तेवढ्याच मापात मूठभर जास्त मावतो. विकणारा कधी ठोकत नाही. अंगठा मापाच्या आत धरून ओतला की अंगठ्याएवढं धान्य गेलं, आणि वर शीग दिसती म्हणून गिऱ्हाईक खूश. बुडाला पोचा असला तर आणखी मजा.

खानापूरवाला
म्हणजे शेतकरी चोर आणि काट्याखाली चुंबक लावणारा साव, असंच ना? सरळ बोला.

काटा बरा
तसं म्हटलं नाही. काट्यावर वजनमाप खात्याच्या मुद्रांकनाचा शिक्का असतो, तपासता येतो. पायलीवर काय तपासणार? रागावण्याआधी एकदा तुमचीच पायली शीग लावून भरा आणि काट्यावर ठेवा. मग सपाट फळी फिरवून परत तोला. फरक बघा आणि मग लिहा.

रविवार पेठेची पिशवी
पायलीवरनं मारामारी झाली असेल तर तेलाचं बोलू का? ‘घाण्याचं शेंगतेल दोनशेला लिटर’ म्हणून फिरणाऱ्यांचं गणित करा. लिटरला सव्वादोन किलो दाणे लागतात. दाणे ११० धरले तर नुसता माल २४७ चा. पेंड विकून थोडं सुटतं, पण घाण्याची मजुरी आहेच. दोनशेत शुद्ध कसं बसवतात ते त्यांनाच विचारा. परवडत नसेल तर साधं पाकिटातलं रिफाइंड घ्या आणि फोडणीला निम्मं वापरा, त्यात लाज कसली?

आणि पाकिटाचा राग असेल तर कारण तरी खरं द्या. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबलवाल्या धान्य-डाळ-पिठाच्या पाकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, २५ किलोच्या वरच्या पोत्यावर नाही. बाजारात अचानक २६ किलोची पोती दिसायला लागली ती म्हणून. दोन-तीन घरांनी मिळून असं पोतं फोडलं तरी कर वाचतो, वर्षाचं भरायची गरजच नाही. दुकानदारानं पोत्यातनं सुटं तोलून दिलेल्यावरही कर नाही.

खानापूरवाला
पोतं फोडून वाटायचं, ते कशानं? मापट्यानं की काट्यानं? 😀

शाळूची भाकरी
काट्यानं. आणि पीठ महिन्याचं दळून आणू नका, ते राहिलंच. जोंधळ्याचं पीठ पंधरा दिवसांवर गेलं की विरी, म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेनं चिरते. मग उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, निभतं. पण मुळात चार-पाच किलोच दळा.

तूरडाळ भरायचीच असेल तर दहा किलोला ५० मिली एरंडेल, दोन्ही हातांनी चोळून. शिजवण्याआधी गरम पाण्यानं दोनदा धुवा. बोरिक पावडर मात्र धान्यात नको, कुणी कितीही सांगू दे.

काटा बरा
एरंडेल लावलेली डाळ लवकर शिजत नाही.

शाळूची भाकरी
शिजती. अर्धा तास भिजवा. न शिजणारी डाळ जुनी असती, एरंडेलाच्या नावावर खपवतात.

खानापूरवाला
बरं. मोजली. शीग लावून आणि सपाट, मध्ये साडेतीनशे ग्रॅमचा फरक आला. म्हणजे काटा बरा यांचं खरं, झालं समाधान? पण सपाट फळीनं मोजलेली पायली दरवेळी तेवढीच भरती, हेही लिहून ठेवा. अंगठा काढून.

काटा बरा
लिहिलं. आता पोह्यांची मोजा.