प्रश्न पेट्री डिशचाही आहे

कुणीतरी म्हटलंय की स्लाइम मोल्ड (बुरशीसारखा दिसणारा, पण बुरशी नसलेला एकपेशीय जीव) भुलभुलैयातून जवळची वाट शोधतो, म्हणजे जंगलातही तो तितकाच 'हुशार' असणार. जरा थांबा. जपानी संशोधक नाकागाकी यांच्या २००० सालच्या त्या भुलभुलैयाच्या प्रयोगात फायसेरम या पिवळ्या स्लाइम मोल्डखाली ओलसर अगार (जेलीसारखा थर) होतं आणि भिंती कोरड्या प्लास्टिकच्या होत्या. कोरड्यावर तो सहसा जात नाही. खाणं म्हणून ओट्स, तेही फक्त दोनच ठिकाणी. कुजक्या ओंडक्यावर जीवाणू सगळीकडे विखुरलेले, ओल तासातासाला बदलणारी. इतका सुटसुटीत प्रश्न त्याला तिथे कोण घालणार?

उजेडाचंही तसंच. हा पिवळा पसारा अंधारात ठेवून नीट खायला घातला तर नुसता पसरत राहतो. बीजाणूंचे दांडे यायला आधी उपासमार हवी, मग प्रकाश. म्हणजे आपल्या सोयीच्या पेट्री डिशमध्ये (प्रयोगशाळेतल्या चपट्या बशीत) त्याचं अर्धं आयुष्य दिसतच नाही!

डिक्टिओस्टेलियम या दुसऱ्या, अमीबासारख्या स्लाइम मोल्डची गोष्ट तर अजून गमतीची. रानातला वाण जीवाणू गिळून जगतो. प्रयोगशाळेतले बरेचसे वाण मात्र 'एनएफ१' जनुक बिघडलेले, म्हणूनच नुसत्या पोषक द्रवावर वाढू शकणारे. अशा वाणावरून 'हा अमीबा कसा खातो' हे सांगताना मला तरी धाकधूक वाटेल.