दादूला निवासी शिबिराला पाठवावं का? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

बी-४०२: नमस्कार मंडळी. आमचा दादू आता सोळा पूर्ण. दिवाळीच्या सुट्टीत भोरजवळ विशेष मुलांचं चार दिवसांचं निवासी शिबिर आहे. त्याचा ऑटिझम, फिट्सची औषधं, सगळं तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्याशिवाय तो एकही रात्र राहिलेला नाही. शाळेतल्या ताई म्हणतात, पाठवाच. ह्यांचं मन धजत नाही, माझंही ठरत नाही. कुणाला अनुभव आहे का?

ए-१०१: पोरी, राग मानू नकोस. दुखलंखुपलं सांगता न येणारं लेकरू, अनोळखी माणसांत? इथे वॉचमनपासून सगळे त्याला ओळखतात. कशाला विषाची परीक्षा?

बी-४०२: राग कसला, काका. हीच भीती मलाही आहे.

सी-३०४: काका, तुमची काळजी खरी आहे. पण आज ना उद्या त्याला आईबाबांशिवाय राहायला लागणारच आहे. ती सवय आई धडधाकट असताना लागलेली बरी.
ताई, माझी लेक डाऊन सिंड्रोमची, आता एकोणीसची. ती दरवर्षी शिबिराला जाते. माझं ऐकाल तर माहितीपत्रकातले फोटो बघू नका, फॉर्म बघा. नाव, वय, रक्तगट आणि 'काही आजार?' एवढंच विचारलं असेल तर नका पाठवू. आम्हाला त्यांनी फोन करून खोदून खोदून विचारलं होतं. भूक लागली की कशी सांगते, चिडली की काय करते, रात्री उठते का, पाळीत पॅड स्वतः बदलते का. मानेचं डॉक्टरांना दाखवलंय का, हेसुद्धा. या मुलांचा मानेतल्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो, म्हणून विचारल्याशिवाय कोलांट्या उड्या नकोत. हे त्यांनी आपणहून विचारलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

ए-२०५ (डॉक्टर): फिट्सबद्दल लिहितो. जागरण आणि चुकलेली गोळी, ही फिट यायची दोन मोठी कारणं. शिबिरात नेमकं तेच होतं, शेकोटी रंगते आणि झोप राहते. दादूची झोपायची वेळ पाळायचं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. गोळ्या देणारी व्यक्ती एकच हवी, आणि दिल्याची नोंद वहीत हवी. पाण्यात किंवा उंचावर जायचं असेल तर एक माणूस फक्त त्याच्यासाठी. फिट आलीच तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना. त्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो सोबत द्या. तिथून सर्वांत जवळचं हॉस्पिटल कोणतं आणि रात्री गाडी असते का, हे आधी विचारा.

सी-१०२: काकू, कॉलेजला असताना मी अशा शिबिरात स्वयंसेवक होतो. एक मुलगा जेवणाच्या हॉलच्या दारातच कान झाकून बसला. स्टीलच्या ताटांचा आवाज त्याला सहन होत नव्हता. त्याच्या आईने कागदावर लिहून दिलं होतं, 'कान झाकले की बोलू नका, हात धरू नका, शेजारी बसा.' आम्ही त्याचं ताट व्हरांड्यात नेलं, मी शेजारी बसलो. पोटभर जेवला. तो कागद नसता तर आम्ही त्याला ओढतच आत नेलं असतं. दादूचा असा एक पानी कागद करा. लांबलचक फाईल कुणी वाचत नाही.

बी-४०२: हे फार उपयोगी सांगितलंस रे. आजच लिहायला घेते.

सी-३०४: अजून एक, आणि हे स्पष्टच लिहिते. आपली मुलं वयात आली आहेत. अंघोळीला, कपडे बदलायला कोण मदत करणार? मुलाला पुरुष, मुलीला बाई, आणि कुणीही एकटं मुलाला घेऊन बंद खोलीत जाणार नाही, हा नियम तिथे आहे का? स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी झाली आहे का? विचारल्यावर ज्यांना राग येतो, तिथे पाठवायचं नाही.

ए-२०५ (डॉक्टर): अगदी बरोबर. यूडीआयडी कार्डाची, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राची, प्रत सोबत द्या. आणि 'निरामय' विमा काढलाय ना? केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा आहे, ऑटिझमला चालतो, वर्षाला एक लाखापर्यंत.

बी-४०२: कार्ड आहे. विम्याचं नूतनीकरण राहिलंय, उद्याच करते.

ए-१०१: एवढं सगळं विचारून पाठवणार असाल तर माझा विरोध नाही. शनिवारी जागा बघायला जाल तेव्हा मीही येतो. संडास-बाथरूम आणि रात्रीचे दिवे मी बघतो.

बी-४०२: या ना काका, ह्यांनाही धीर येईल.

सी-३०४: आणि ताई, एकदम चार दिवस नकोत, आधी एक रात्र करून बघा. या शुक्रवारी दादूला आमच्याकडे झोपायला पाठवा. तुम्ही दोघं घरीच राहा, फोन चालू ठेवा. दुपारी मी आमच्या खोलीचा आणि त्याच्या गादीचा फोटो पाठवते, त्याला आधी दाखवून ठेवा.

बी-४०२: चालेल, पाठवते. गोळी साडेआठला, जेवणानंतर. पंखा फुल लागतो. आणि मिक्सर लावायचा असेल तर आधी त्याला सांगा.