संप स्टार लोकांचा नव्हता

हॉलिवूडचा २०२३चा संप म्हणजे कोट्यधीश नटांचे लाड, आणि त्यात सेटवरचे साधे कामगार भरडले गेले, असं काही जण म्हणतात. यातला पहिला मुद्दा मला अजिबात पटत नाही. आधी संपावर गेले ते लेखक, २ मे रोजी. नट आले जुलैत, आणि त्यांच्या युनियनमधले बहुतेक जण स्टार नाहीतच. युनियनचा आरोग्यविमा मिळायला वर्षाला साधारण २६ हजार डॉलर कमवावे लागत. बहुसंख्य सदस्यांची तेवढीही कमाई होत नव्हती! पूर्वी मालिका टीव्हीवर पुन्हा लागली की मानधन यायचं, त्यावर कामं नसलेले महिने निघायचे. स्ट्रीमिंग आल्यावर काही नटांच्या हाती चक्क काही सेंटांचे चेक पडले. ते पाठवायला टपालाचं तिकीटच जास्त लागतं.

सेटवरचे सुतार, ड्रायव्हर, मेकअपवाले विनाकारण भरडले गेले, हा दुसरा मुद्दा मात्र खरा आहे. संप त्यांनी पुकारला नव्हता, पण काही महिने चूल त्यांचीही थंडावली. त्याचा दोष मी स्टुडिओंना देईन. १४८ दिवसांनी लेखकांच्या करारात जे लिहून दिलं, की एआयने लिहिलेला मजकूर लेखकाचं काम धरला जाणार नाही, ते मे महिन्यातच देता आलं असतं.