गाडी बुक झाली, आता वाट बघणं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव

आमच्या घरात पहिलीच चारचाकी येतेय. घरात पाच माणसं, गल्ली अरुंद, म्हणून मोठी गाडी नको असं सगळ्यांचं एकमत झालं आणि हॅचबॅक बुक केली. मी शहापूरला राहतो. थोरली बहीण गडहिंग्लजला दिलेली, मामा कोल्हापूरला, आईचे डॉक्टर इथं बेळगावात. आपल्या भागात बहुतेकांचं गणगोत असंच दोन राज्यांत पसरलेलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मराठी-कन्नड वाद पेटला आणि दोन्हीकडच्या बस थांबल्या. तेव्हा बहीण लेकराला घेऊन संकेश्वरपर्यंत वडापनं (शेअर जीपनं) आली आणि तिथून इकडची बस धरून घरी पोचली. त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "आता आपली गाडी पाहिजे." तिथूनच सगळं सुरू झालं.

पावती हातात आहे, पण गाडीची तारीख कुणी नीट सांगत नाही. म्हणून विचारतोय. तुम्ही किती थांबलात, थांबताना काय कळलं, घरात काय काय झालं, ते सविस्तर लिहा. शोरूमचं आणि बँकेचं नाव नको, अनुभव पाहिजे.

निपाणी, प्राथमिक शाळेतली शिक्षिका

आमचं बुकिंग २०२५ च्या ऑगस्टच्या सुरुवातीचं. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करायची घोषणा झाली आणि ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेनं नक्की केलं. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी २८ टक्के आणि वर एक टक्का उपकर यातून निघून सरळ १८ टक्क्यांत आली. नवा दर २२ सप्टेंबरपासून. परिषदेनं नक्की केलं नेमकं त्याच आठवड्यात शोरूममधून फोन आला, "मॅडम, तुमची गाडी यार्डात आलीय, बिल करून टाकूया."

मिस्टरांनी एकच विचारलं, कर कुठल्या तारखेनं लागणार? बुकिंगच्या नाही, बिलाच्या तारखेनं. बुकिंग फॉर्मवरही छापलेलं असतं की ताबा देताना असेल ती किंमत लागू. किंमत वाढली तर हे वाक्य आपल्या अंगावर येतं, कमी झाली तर आपल्या बाजूनं उभं राहतं. आम्ही थांबायचं ठरवलं. सूट वाढवून देतो म्हणाले, तरी थांबलो. सात लाखांच्या गाडीत साठ हजारांच्या आसपास फरक पडत होता. आमच्या घरात ती रक्कम म्हणजे मुलीच्या कॉलेजची वर्षाची फी.

सासूबाईंना या सगळ्याचं काहीच वाटलं नाही, कारण पितृपक्षात गाडी घरात घ्यायची नाही हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. सर्वपित्री २१ ला आणि घटस्थापना २२ ला. त्यांचा मुहूर्त आणि सरकारचा दर एकाच दिवशी आले. पण सगळा गाव त्याच दिवसासाठी थांबलेला! आमची यार्डातली गाडी दुसऱ्या कुणाच्या नावावर गेली होती. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, मिळाली नाही. दिवाळी पाडव्याला मिळाली. निपाणीचं आरटीओ चिकोडीला, म्हणून केए-२३ नंबर पडला. थांबलो याचं मला आजही समाधान आहे.

उद्यमबाग, मशीन शॉपमध्ये काम

मी २०२१ मध्ये गाडी बुक केली होती. तेव्हाची वाट वेगळी होती. गाडी का येत नाही, ते मला कामावरच डोळ्यांसमोर दिसायचं. आपल्या बेळगावच्या फाउंड्र्यांतून गाड्यांच्या भागांचं कास्टिंग निघतं आणि आमच्यासारख्या शॉपमध्ये ते मशीनिंगला येतं. त्या वर्षी माल तयार असून शेडमध्ये पडून राहायचा, कारण पुढून सांगायचे, उचल पुढच्या महिन्यात. जगभर चिपचा तुटवडा होता. इंजिनचा ईसीयू, एअरबॅग, एबीएस, पॉवर स्टिअरिंग, सगळ्याला चिप लागते. हजारो भाग जमले आणि नखाएवढी एक चिप नसली तरी गाडी लाइनवरून उतरत नाही.

त्यामुळं मी शोरूममध्ये आवाज चढवला नाही. विक्री करणारा पोरगाही चांगला होता. तो खोटी तारीख द्यायचा नाही. ऑर्डर टाकलीय, चासी नंबर (गाडीवर कोरलेला तिचा ओळख क्रमांक) पडलेला नाही, एवढंच सांगायचा. मग एक दिवस म्हणाला, चासी नंबर पडला. मग ट्रकवर चढली. मग यार्डात आली. हे टप्पे ज्यांना माहीत नाहीत त्यांनी लक्षात ठेवावेत. "गाडी येतेय" या शब्दाला काही अर्थ नाही. चासी नंबर पडला का, एवढं विचारा. नंबर पडला नसेल तर तुमच्या नावाची गाडी अजून कुठंच नाही. खरं काय ते कळलं की माणूस शांतपणे थांबतो. मला तरी त्रास झाला तो दोन फोनच्या मधल्या गप्प दिवसांचा.

आणखी एक. वाट मॉडेलला नसते, व्हेरियंटला आणि रंगाला असते. तीच गाडी पांढऱ्या रंगात, मधल्या व्हेरियंटमध्ये लवकर मिळते. लाल, वरचं व्हेरियंट, ऑटोमॅटिक असं मागितलं की रांग लांबते. माझ्या मुलीला लालच पाहिजे होती. तिच्यासाठी थांबलो आणि लालच आणली.

यार्डात गाडी बघायला जाल तेव्हा दिवसा उजेडात जा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. फॉर्म २२ मागून घ्या, त्यावर गाडी कुठल्या महिन्यात तयार झाली ते असतं. चासी नंबर बिलावरचा आणि गाडीवरचा जुळवून बघा. नोंदणी झाल्यावर काही सापडलं तर गाडी बदलून मिळणं अवघड, म्हणून हे सगळं नोंदणीच्या आधी.

खानापूर, जांबोटी रोड

आमच्यात थोरल्या भावाच्या गाडीचं काय झालं ते सांगतो. कर्ज मंजूर झालं, बँकेनं रक्कम लगेच शोरूमच्या खात्यात सोडली. गाडीचा पत्ता नाही, चासी नंबरही नाही, आणि हप्ता सुरू! भात विकून हप्ता भरायचा आणि दारात मोटारसायकलच. व्यवस्थापकाला लेखी अर्ज दिला, शोरूमकडूनही पत्र आणलं, मग कुठं पुढच्या हप्त्यांना थोडी सवलत मिळाली. व्याज गेलं ते गेलंच.

मी घेतली तेव्हा आधीच बँकेत सांगून ठेवलं. प्रोफॉर्मा बिलावर (शोरूमनं आधी दिलेल्या अंदाजे बिलावर) मंजुरीपत्र द्या, माझा हिस्सा मी भरतो, पण कर्जाची रक्कम चासी नंबर आल्याशिवाय सोडू नका. साहेबांनी मान्य केलं. मंजुरीपत्रालाही मुदत असते, गाडी फारच लांबली तर ते नवं करून घ्यावं लागतं.

गाडी आली ती ऐन जुलैत. कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. शेतात लावणी चालू, घरातली सगळी चिखलात. ताबा पुढं ढकलला तर गाडी रांगेतल्या पुढच्या माणसाला जाणार होती, म्हणून मी आणि धाकटा दोघंच जाऊन घेऊन आलो. पूजा घरच्या बायकांनी लावणी आटोपून संध्याकाळी केली. लिंबू, नारळ, हळद-कुंकू, वर धो धो पाऊस. मला तो दिवस फार आवडला.

हिंडलगा, जवानाची पत्नी

आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीत आहेत. गाडी सीएसडीतून, म्हणजे सैन्याच्या कॅन्टीन विभागातून घेतली. त्यात पैसे शोरूमला भरायचे नसतात. पोर्टलवर अर्ज, शोरूमकडून कोटेशन, कागद तपासले जातात, मग कॅन्टीन विभागाकडं पैसे, मग त्यांच्याकडून सप्लाय ऑर्डर निघते आणि तेव्हा कुठं शोरूम गाडी हलवतं. प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो. त्यांची सुट्टी त्या हिशेबानं मागितली होती, पण सुट्टी संपली आणि ऑर्डर निघाली नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी लागणाऱ्या सगळ्या सह्या करून ठेवल्या, फाईल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गाडी तूच आणायची." मला तेव्हा चालवता येत नव्हतं. थांबायचे दिवस वाया घालवायचे नाहीत असं मी ठरवलं. सकाळी मुलांना शाळेत सोडून ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागले. लायसन आलं आणि त्याच महिन्यात ऑर्डर निघाली. शोरूमपासून हिंडलग्याच्या गणपतीपर्यंत मीच चालवत आणली, शेजारी भाऊ बसला होता. मंदिराच्या दारातून त्यांना फोन लावला. जवानांच्या घरच्या बायकांना माझं मनापासून सांगणं आहे, गाडीची वाट बघताय तर तेवढ्यात शिकून घ्या.

कागवाड, ऊस उत्पादक

आमच्या गावापासून मिरज हाकेच्या अंतरावर, बेळगाव किती लांब ते नकाशात बघा. बेळगावात पुष्कळ थांबायला लागेल म्हणाले आणि तिकडं सांगलीत तीच गाडी, तोच रंग तयार होता. म्हणून सांगलीत घेतली. पण एक नीट समजून घ्या. आधार कार्ड कर्नाटकचं, राहणं कर्नाटकात, तर नोंदणी कर्नाटकातच करायची. तिकडून तात्पुरत्या नोंदणीवर गाडी आणली आणि रोड टॅक्स इकडं भरला.

तिकडं दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, इकडं पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के आणि त्या करावर परत उपकर. सात लाखांवर तिकडं ७७ हजार, इकडं ९८ हजार आणि वर उपकर. पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच नंबर घे म्हणून सांगणारे बरेच भेटले. मी नाही घेतला. गाडी वर्षाच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, ना हरकत दाखला आणायचा, कर परत भरायचा, आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळी पत्ता विचारणार. रोज जिथं उभी राहणार तिथला नंबर, हेच बरोबर.

वेळ वाचला म्हणाल तर थोडाच वाचला, कारण इकडं कागदाला फेऱ्या पडल्या. "नाळे बर्री" (उद्या या) ऐकून परत यायचं, दुसऱ्या दिवशी परत जायचं. अर्ज कन्नडमध्ये भरायला शेजारच्या अण्णांनी मदत केली, ते प्रत्येक वेळी सोबत आले. त्यांचे उपकार आहेत. उसाचं बिल वेळेत जमा झालं होतं म्हणून कर एकरकमी भरता आला. आपल्याकडच्या शेतकऱ्यानं बुकिंगची तारीख कारखान्याच्या बिलाकडं बघूनच ठरवावी.

*(धागा काढणारा: कागवाडच्या दादांचं हे वाचून मी आज घरात सांगितलं, थांबू पण इथंच घेऊ. बहीणही तेच म्हणाली.)*

संकेश्वर

आम्ही बुकिंग रद्द केलं. तारीख तीनदा पुढं गेली आणि वर सांगितलं की विमा आमच्याकडूनच घेतला तर गाडी लवकर देऊ. विमा कुठूनही घेता येतो. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा लागतो, २०१८ च्या सप्टेंबरपासून, आणि स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा चालतो. बाहेरचा भाव बराच कमी होता. रद्द करताना ईमेलनं लेखी दिलं, पावतीची प्रत जोडली, पैसे परत आले. दुसरीकडं घेतली, बरी मिळाली.

वडगाव, विणकर घर

आमच्या गल्लीत माग असलेली घरं अजून आहेत, त्यातलं एक आमचं. रात्री दोन माणसं बोलत गेली तरी आत ऐकू येतं अशी गल्ली. गाडी बुक करण्याआधी भावानं टेप घेऊन गल्लीची रुंदी मोजली, वळणावरच्या खांबापासून भिंतीपर्यंत. आरशासकट गाडी किती रुंद ते माहितीपत्रकात बघून घेतलं. शेजारच्या काकांनी आपल्या दारातला दगडी कट्टा थोडा तोडून दिला. न मागता. आमची गाडी यायची म्हणून.

थांबण्याचे दिवस आजीला जड गेले. तिला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचं होतं आणि बसमध्ये आता तिचे गुडघे चालत नाहीत. रोज सकाळी विचारायची, आली का? शोरूममधून चासी नंबरचा मेसेज आला तेव्हा मी तो तिला वाचून दाखवला, सगळे सतरा अक्षरं-आकडे. तिनं ते कागदावर लिहून घ्यायला लावलं आणि देवघरात ठेवलं.

गाडी आली आणि पहिल्याच मंगळवारी आजीला डोंगरावर घेऊन गेलो. पुढच्या सीटवर बसवलं, सीट पूर्ण मागं घेतली, पाय लांब करता आले. येताना थकली नाही. आता आठवड्याला साड्यांचे गठ्ठे शहापूरच्या व्यापाऱ्याकडं याच गाडीतून जातात. घरचं आणि धंद्याचं काम एकाच गाडीवर करणार असाल तर मागची सीट दोन भागांत दुमडते का, ते बुकिंगच्या आधी बघा. खालच्या व्हेरियंटमध्ये बऱ्याचदा ती सलग असते. आम्ही त्यासाठी एक पायरी वरचं व्हेरियंट घेतलं. एका बाजूला गठ्ठे ठेवले तरी दुसऱ्या बाजूला आई बसते.